अर्ध्यावर सुटणारी माळ

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. एका माणसाच्या यकृतात राहते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान, पण कामात खमकी.

माझ्या पोटात केंद्रक आहे. प्रथिनं बनवायच्या सगळ्या कृती तिथे जपून ठेवलेल्या असतात. मूळ कृती कधी बाहेर जात नाही, तिची नक्कल निघते. रायबोसोम नावाचे माझे कारागीर ती तीन-तीन अक्षरांनी वाचतात आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल ओवतात. माळ पुरी होऊन नीट दुमडली की प्रथिन तयार!

रक्त गोठवणारं एक प्रथिन मात्र मला कधीच जमलं नाही. त्याच्या कृतीत जन्मापासून एक अक्षर चुकलेलं होतं. तिथे पोचले की कारागीर 'थांबा' असं वाचत. माळ अर्ध्यावर सुटे आणि मोडीत जाई.

त्यामुळे माझा माणूस इंजेक्शनं घेत दिवस काढायचा. घरची सुतारशाळा थोरली बहीण चालवायची. तिशी उलटली तरी हा नुसता पॉलिशचा बोळा फिरवायचा.

"ताई, एक खिडकी करू दे."

"त्या धारदार पटाशीला हात लावून तर बघ. मागच्या खेपेस रक्त थांबेना, माझा जीव टांगणीला लागला होता."

एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवा उपचार आहे. तुमच्या यकृताला बरोबर कृती पोचवायची. जमेलच असं नाही."

"करूया," तो म्हणाला.

सलाइनमधून विषाणूची पोकळ कवचं आली. आत बरोबर कृती होती. मी एक आत घेतलं. नक्कल निघाली, कारागीर ओवू लागले. ती जागा आली आणि ते थांबलेच नाहीत! माळ पुरी झाली. मी प्रथिन रक्तात सोडलं, शेजारच्या पेशींनीही सोडलं.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सुतारकामाची परवानगी दिली. तो खिडकी करायला बसला. पटाशी सटकली आणि तळहातात रुतली. ताईने फडकं दाबून धरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बऱ्याच वेळाने तिने हळूच फडकं उचललं.

"थांबलं रे," ती म्हणाली आणि जखमेवर पट्टी बांधली.

जखम भरल्यावर त्याने ती खिडकी पुरी केली, स्वतःच्या हाताने भिंतीत बसवली आणि सताड उघडली. त्या दिवशी माझ्याइतकी ऐटीत कुणी नव्हती.

मित्रांनो, कुणाच्या अंगात उपजतच एखादं अक्षर चुकलेलं असतं. त्यात त्याचा दोष नसतो. त्याला जपा, पण जपता जपता कोंडून ठेवू नका.