कोरियातला हुंकार

“…आन् मुंगळा शिरला की गुळाच्या ढेपेत!” बबनराव थांबले. हेडफोनात नुसती शांतता. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला. “महेंद्र, बंद कर बाबा. आता पुढच्या रविवारपासनं यायचो न्हाई. नातीला गोष्ट नकोय माझी.”

शिरूरच्या एसटी स्टँडमागे महेंद्रचा नेट कॅफे होता. तो बबनराव गुरुजींचाच जुना विद्यार्थी. गुरुजींची लेक करुणा नवऱ्याच्या नोकरीपायी कोरियात गेलेली. तिची छोटी गौतमी तिकडच्या शाळेत मराठी विसरत चालली होती. म्हणून रविवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडे तिच्या झोपायच्या वेळेला, तिचे आबा इथून गोष्ट सांगत. पण गोष्ट चालते हुंकारावर. वर्गातही त्यांचा तोच नेम होता: पोरांचं ‘हूं’ थांबलं, की गोष्ट थांबली. आणि गौतमी दर वेळी गप्प.

“आबा, करुणाताईनं लिवलंय बघा,” महेंद्र पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. “आबा मधीच गोष्ट सोडत्यात म्हून पोरगी रडतीय.”

“मग हूं का म्हणत न्हाई?”

“म्हणत असंल की! आपली लाइन बारीक. आवाज दाबून पाठवाय लागतो, त्याला कोडेक म्हणत्यात. हा फुकटातला हाय. कुणी बोलंना असं वाटलं, की त्यो काही धाडतच न्हाई. बारीक ‘हूं’ त्याला बोलणं वाटत नसंल.”

“फुकटचं ते फुकटचंच!”

“तसं न्हवं, आबा. बनवणारांनी आतली समदी रीत उघडी ठेवलीय, म्हून तर मला वाचता आली. इकतच्यात कोण सांगतंय? थांबा, ताईला सेटिंगमधली त्याची टिक काढाय लावतो, म्हंजी बारीक आवाजबी यील.”

थोड्या वेळाने बबनरावांनी पुन्हा कानांवर चढवलेल्या हेडफोनात खरखर सुरू झाली. पंखा, भांडी, कुणाचं तरी खाकरणं, सगळंच येऊ लागलं. आवाज मधूनमधून तुटत होता.

“आबा?”

“हां बाळा. कुठवर आलो होतो गं?”

“मुंगळा ना… त्या… गोड असतं, त्याच्यात गेला.”

बबनराव माइकजवळ वाकले.

“गुळात.”

“गुळात,” ती म्हणाली.

गोष्ट पुढे निघाली. “हूं.” मग पुन्हा “हूं.” मग जरा उशिराने. मग नाहीच.

“गेली का लाइन?” महेंद्रने विचारलं.

बबनरावांनी ओठांवर बोट ठेवलं. हेडफोनात लहानसा श्वास संथ चालला होता. बाहेर स्टँडवर एका गाडीने जोराचा हॉर्न दिला. त्यांनी पटकन तळहाताने माइक झाकला आणि तसेच बसून राहिले.