मधेच दिलेली दाद

घरातून निघताना विभावरीने सासऱ्यांना पुन्हा एकदा बजावलं. "अण्णा, आज रेकॉर्डिंग आहे हं. आवाज करायचा नाही."

"म्हणजे दाद द्यायची नाही?"

"द्यायची ना. शेवटी. टाळ्या वाजवून."

"शेवटी? माणूस गेल्यावर हार घालतात, तशी?"

यशवंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण त्यांची मनापासूनची नोकरी म्हणजे सांगलीतल्या गाण्याच्या बैठकींना पुढे बसणं. गवई आधी तंबोरे लावायचे आणि मग अण्णा आलेत का ते बघायचे, असं निदान अण्णांचं म्हणणं. आता ते ड्रेस्डेनला मुलाकडे आले होते. मुलगा, श्रीनाथ, चिप बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टवर. त्यामुळे अण्णांना रिझवण्याचं काम सुनेच्या गळ्यात.

आजचं निमंत्रण खालच्या मजल्यावरच्या कोवाच यांचं होतं. हे स्लोव्हाकियाचे. ऐंशीच्या दशकात तिथे त्यांचा 'झ्वोनित्सा' नावाचा रॉक बँड होता. चर्चमधल्या जुन्या ऑर्गनसंगीताची बांधणी घ्यायची आणि तिच्यात ड्रम, गिटार घालायची, हा त्यांचा खाक्या. "घराणं जुनं आणि पोरं वांड," असं अण्णांनी एका वाक्यात आटपलं होतं. आता त्या पोरांची टकलं पडली होती. इतक्या वर्षांनी सगळे एका संध्याकाळपुरते जमले होते, शहराच्या नॉयश्टाट भागातल्या एका चर्चमध्ये. कधीच रेकॉर्ड न झालेली त्यांची मोठी रचना आज वाजायची होती आणि तिची सीडी निघायची होती.

विभावरीला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती, जी बँडमधल्या बाकी कुणालाच नव्हती. पंचेचाळिशीत पियानो शिकायची हुक्की आल्यापासून ती कोवाच यांच्याकडे जायची. हल्ली ते डाव्या हातानेच वाजवून दाखवत. एकदा तिने विचारलं, तर त्यांनी उजवा हात पुढे केला. शेवटची दोन बोटं आतल्या बाजूला वळत चालली होती. "आल्झो, असं आहे," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, यापुढे कमीच होत जाणार. विश्रांती देऊन देऊन एकदा वाजवेन. एकदा नीट उतरलं की मग काय व्हायचं ते होऊ दे."

कार्यक्रम सुरू झाला. अण्णांनी शहाण्या मुलासारखा रुमाल हातात धरला होता. सुरुवातीचा गोंगाट त्यांनी सोसला. मग ऑर्गन एकटाच उरला, ड्रमवर हलकेच ठेका आला, आणि अण्णांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं. सात मात्रा! त्यांनी सुनेकडे पाहून भुवया उडवल्या. आजूबाजूचे जर्मन लोक बाकांवर असे बसले होते, की शेजारचा जिवंत आहे की नाही ते हात लावून बघावं.

ऑर्गनवर कोवाच यांचा हात आज सुरेख चालला होता. विभावरी श्वास रोखून त्या दोन बोटांकडेच बघत होती. उठत होती बिचारी, बरोबर उठत होती.

मग एक तुकडा आला. खालून वर चढणारा, आडवातिडवा. तोच पुन्हा आला, आणि विभावरीला उमगलं. अगं बाई, ही तर तिहाई! घरी पियानोवर, ठेक्याशिवाय ऐकताना तिला कधी कळलंच नव्हतं. तिसऱ्यांदा येणार, समेवर आदळणार, आणि समेवर काय आहे ते तिला ठाऊक होतं. समेवर काहीच नाही. सगळा बँड थांबतो आणि ऑर्गनचा शेवटचा सूर वर घुमटात विरत जातो. अख्खी रचना त्या शांततेसाठी रचली आहे, हे कोवाच यांनी तिला किती वेळा सांगितलं होतं.

तिने अण्णांचं मनगट धरलं. पण मनगट धरून कधी दाद थांबते का?

"वाऽऽ! क्या बात है!"

आवाज खणखणीत. घुमटाने तो नीट धरला आणि परत पाठवला. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. अण्णांनी ताबडतोब रुमाल तोंडावर दाबला, पण वरचे डोळे भरून आले होते.

बँड पुढे वाजत राहिला. शेवटी टाळ्या झाल्या. मग कानाला हेडफोन लावलेला ध्वनिमुद्रक मंचावर गेला, मान हलवत काहीतरी बोलला, आणि गिटारवाल्याने माइकवर जाहीर केलं, की ही रचना पुन्हा वाजवली जाईल.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

"पुन्हा वाजवणार म्हणे."

"बघ! वन्समोर!" अण्णा उभे राहिले आणि मंचाकडे बघून त्यांनी हात जोडले. "नाहीतर म्हणे, आवाज करायचा नाही."

विभावरीने त्यांना हळूच खाली बसवलं. उठून मंचाकडे जावं, सांगावं, अहो, हा हात दुसऱ्यांदा नाही चालणार! पण ते सांगायचं तिच्या हाती नव्हतं, आणि ज्यांच्या हाती होतं ते खाली मान घालून बोटं चोळत बसले होते.

पुन्हा सुरू झालं. अर्ध्यावरच बोटं वळायला लागली. तिहाईचा पहिला तुकडा जेमतेम आला, दुसऱ्यात दोन सूर गळाले, तिसरा गिटारवाल्याने कसाबसा उचलून पार केला. मग ती शांतता. आता मात्र ती कुणीच मोडली नाही.

"निसटली गं," अण्णा कुजबुजले. "हात दुखतोय का त्यांचा?"



कार्यक्रमानंतर कोवाच स्वतःच त्यांच्यापाशी आले. पहिली वेळ वापरता येणार नाही, दुसरीच घ्यायची ठरली, असं त्यांनी तिला जर्मनमध्ये सांगितलं. हवामान सांगावं तसं.

"काय म्हणतायत?" अण्णा मधेच. "सांग त्यांना, पहिलीच ठेवा. तशी पुन्हा होत नसते."

विभावरीने ते सांगितलं. काही गाळलं नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," कोवाच म्हणाले. "त्यांना कळलंय."

"त्यांना सांगायला हवं," ती म्हणाली. "आवाज त्यांचा होता."

"कशाला?" कोवाच म्हणाले.

"अगं, पण पहिली का नाही ठेवत?" अण्णांनी तिची बाही ओढली.

"यंत्रात काहीतरी बिघडलं, अण्णा."

"जर्मनीत?" अण्णांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी कोवाच यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि वळलेली बोटं हाताला लागताच ती एकेक करून सरळ करू लागले, क्रिकेटहून परतलेल्या नातवाची करावीत तशी. "गरम पाण्यात मीठ घालून शेकायला सांग. पुढच्या वर्षी मी येईन, तेव्हा पुन्हा ऐकू."

बोटं सरळ होत आणि सोडली की वळत. कोवाच यांनी हात काढून घेतला नाही. दोघांचे कोट हातावर घेऊन विभावरी तशीच उभी राहिली.