घाटावरचे

“ह्या घाट्यांशिवाय दुसरं कोण नेणार?” वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, आणि हवालदारानं चिमाजी हमालाला बखोटीला धरून खोलीबाहेर ओढलं.

मुंबईतल्या त्या चाळीत जिन्याखालच्या खोलीत वेल्ह्याकडचे अकरा हमाल राहत. विंझरचा सोनबा त्यांच्यातला थोरला. बारा वर्षं ओझी वाहून त्याची मान खांद्यांत रुतली होती. त्याची बायको ठकुबाई सगळ्यांच्या भाकरी थापायची. चाळीत काहीही हरवलं, की पहिली झडती ह्यांची. आज वरच्या बिऱ्हाडातलं पितळी पातेलं दिसेना झालं होतं.

सोनबा चौकीत धावला. फौजदार म्हणाला, “कुणी पांढरपेशा माणूस जामीन राहत असेल तर आण.”

तो जिना चढून गंगाधरपंतांच्या दाराशी गेला. पंत कारकून, मूळचे भोरचे. गावी असताना त्यांच्या वडिलांकडे सोनबा दर सुगीला धान्य पोचवायचा. चाळीत मात्र वरच्या कोकणी बिऱ्हाडांत पंत स्वतःला चिपळूणकडचे म्हणवत. दोन वर्षं समोरासमोर आले, तरी सोनबानं ओळख दाखवली नव्हती. माणसाची अडचण समजायला शाळेत जावं लागत नाही.

“पंत, चिमाजी चोर न्हाई,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तुमी तेवढंच सांगा. कुठनं वळकता, ते नगा सांगू.”

शेजारचं दार किलकिलं होतं. पंतांनी तिकडं पाहिलं. “मला कचेरीला उशीर होतोय, सोनबा.”

“व्हय, खरं हाय.” सोनबा वळला.

तीन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच मागून पंतांच्या बायकोचा, कुंदावहिनींचा आवाज आला. “अहो, टोपी घ्या. चौकीत बोडक्यानं जाऊ नये.”

चौकीत तक्रार करणारे शेजारी बाकावर बसलेच होते. फौजदारानं विचारलं, “हे घाटी तुमचे कोण?”

पंतांनी घसा खाकरला. “माझ्या मुलखातले. मीही घाटावरचाच. भोरचा.”

चिमाजी सुटला. तिसऱ्या दिवशी पातेलं कल्हईवाल्याकडं निघालं. घरधनिणीनंच टाकलं होतं आणि विसरली होती. माफी कुणी मागितली नाही. उलट पंतांशीच सगळ्यांचं बोलणं तुटलं.

चैत्र आला. वरच्या मजल्यावर दारोदार हळदीकुंकू झालं. कुंदावहिनींना बोलावणं नव्हतं. संध्याकाळी त्या रेशमी लुगडं नेसून खाली आल्या आणि जिन्याखालच्या दाराशी उभ्या राहिल्या.

“ठकुबाई, मला कुंकू लावता?”

“अगं बया! हितं कुठं बसाल, वैनी?”

सोनबानं घोंगडी झटकून उंबऱ्याशी अंथरली. ठकुबाईनं पिठाचे हात धुतले, कुंकू लावलं आणि ओंजळभर तांदळानं ओटी भरली.

नटलेल्या बायका जिना उतरल्या. पाहून न पाहिल्यासारखं करून पुढं गेल्या. वहिनींनी मान वळवली नाही. ओटी सावरून त्या आरामात मांडी घालून बसल्या.

“आपल्याकडं करवंदं पिकायला लागली असतील, नाही हो?”

“लागली आसतील की,” ठकुबाई म्हणाली.