फुलपाखरांचं जेवण

शी! पहिल्याच दिवशी मेट्रनबाईंना ओकारी आली. आठ दिवस कुजवलेली केळी, त्यात माशांची आतडी, वर फेस आणि फेसात वळवळ. आणि हे सगळं कशासाठी, तर म्हणे फुलपाखरांसाठी! फुलपाखरं फुलांवर बसतात, एवढंच बाईंना ठाऊक. या जंगलातल्या निम्म्यांना फूल नकोच मेलं, घाण हवी.

ऑपरेशन थिएटरात एकतीस वर्षं काढलेली ही बाई. स्वयंसेवक म्हणून आली ती काही फुलपाखरांच्या प्रेमाने नव्हे. इथे फुलपाखरांवर संशोधन करणारी लेक चार वर्षांत घराकडे फिरकली नव्हती. निदान तिच्या हाताखाली तीन आठवडे राबता येईल, एवढाच डाव.

चौथ्या दिवशी लेक फुलपाखरांच्या सापळ्यांच्या दोऱ्या बदलायला रानात गेली आणि इकडे बाईंचे हात शिवशिवले. आमिषाच्या सगळ्या बादल्या त्यांनी खड्ड्यात ओतल्या, फिनेलने लख्ख घासल्या आणि शाबासकीची वाट बघत पायरीवर बसल्या!

लेकीने एक बादली हुंगली, मग दुसरी, मग तिसरी.

"आई, हे आंबायला आठ दिवस लागतात. परवा फुलपाखरांची मोजणी आहे. दोन वर्षांत माझी एकही फेरी चुकली नाही."

"अगं, पण किडे पडले होते त्यात!"

"पडायलाच हवेत." मग अगदी हळू म्हणाली, "तू परवाच्या गाडीने घरी जा."

ओरडली असती तर परवडलं असतं.

जुन्यातलं थोडं नव्यात मिसळलं की लवकर आंबतं, एवढं त्यांना कळत होतं. सकाळी त्या एकट्याच पायवाटेने निघाल्या. फिनेल न लागलेली एकच बादली उरली होती, त्यांची स्वतःची आंघोळीची; तीच बरोबर घेतली. झाडांना टांगलेले तीस सापळे. दोरी सैल करून एकेक खाली घ्यायचा आणि तळाच्या बशीतला जुन्या आमिषाचा काळा लगदा खरवडायचा. हातमोज्यांनी काही नीट निघेना, म्हणून त्यांनी ते काढून फेकले. सातव्या बशीतल्या अळ्या मनगटावर चढल्या. बाई झाडाला धरून भडाभडा ओकल्या, तोंड पुसलं आणि आठव्याकडे वळल्या.

लेक आली तेव्हा त्या कोपरापर्यंत बरबटून केळी कुस्करत होत्या. तिने बादलीत नाक घातलं.

"होईल हे उद्यापर्यंत." मग ती आईकडे बघतच राहिली. "मी घरी का येत नाही, माहितीये? दरवेळी तू दारातच अडवायचीस. 'तिथेच थांब, आधी आंघोळ,' म्हणायचीस. मला वाटायचं, तुला माझीच किळस येते."

बाईंचे हात थांबले. किळस यायची, खोटं कशाला बोला. तिच्या चिखलाच्या बुटांची यायची, डब्यांतल्या अळ्यांची यायची. पोरीची कधीच नाही. पण हे पोरीला कधी सांगितलं होतं? बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

"आता मला कोण दारात उभं करणार, सांग," त्या कशाबशा म्हणाल्या.

लेकीने बाह्या वर सारल्या आणि त्याच बादलीत हात घातले.

"गाडीवाल्याला नको म्हणून कळवते. तीस सापळे आहेत, आई. मी एकटी किती कुस्करू?"