तीन नंबर लवकर तापते

बायजाबाईला जाऊन चार महिने झाले होते, आणि ऐरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर तिच्या लेकीला तीच गोळी लिहून देत होते.

सितारामने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ही नको."

"बाबा, प्लीज," क्रांती पुटपुटली. तीन दिवसांच्या तापाने तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं.

"काका, साधी अँटिबायोटिक आहे. कितीतरी जणांना देतो."

"हिच्या आईलाही साधीच होती. दहा दिवसांत डोळे पिवळे झाले, महिन्यात गेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तरुण होते, पण उद्धट नव्हते. "वाईट झालं. ती ॲलर्जी नव्हे, काका. इडिओसिंक्रसी म्हणतात त्याला. एखाद्या शरीराचा स्वतःचाच तऱ्हेवाईकपणा. क्वचित कुणाला होतं, का ते सांगता येत नाही. लेकीला होईलच असं नाही."

"होणारच नाही, असं लिहून द्या."

"तसं लिहून देता येत नाही, काका."

तऱ्हेवाईक. बायजालाही सगळे हेच म्हणायचे. चहात मीठ टाकायची. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिने कधी पाऊल ठेवलं नाही, पिशव्या घेऊन चार मजले चढायची. ती गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ही मला मानवत नाय वो. अंग खाजतंय." तेव्हा सितारामच बोलला होता, "नखरे पुरे. कोर्स पुरा कर." रोज पाण्याचा पेला त्यानेच तिच्या हातात दिला होता.

हे त्याने डॉक्टरांना सांगितलं नाही. दुसरंच सांगितलं.

"रबाळ्याला रंगाच्या कंपनीत तीस वर्षं काढली मी. रंग शिजवायच्या चार टाक्या. एकाच ड्रॉइंगच्या, एकाच दिवशी बसवलेल्या. तीन नंबर लवकर तापायची. साहेब म्हणायचे, कागदावर चारी सारख्या. आम्ही तिच्या अंगावर ऑइलपेंटने लिहिलं, 'हिला गार पाणी आधी सोडा'. साहेब पुसायला लावायचे, आम्ही परत लिहायचो. का तापते ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिथे एकही माणूस भाजला नाही."

"तीन नंबर आमच्या घरातच राहते, डॉक्टर," क्रांती म्हणाली. "तिची गोष्ट रोज चहाला असते." मग ती जरा सरळ बसली. "दुसरी द्या. मलाही ही नकोय."

डॉक्टरांनी गोळीवर काट मारली आणि दुसरं नाव लिहिलं. सितारामने वाकून दोन्ही नावं नीट वाचली.

बाहेर येऊन त्याने काउंटरवरचा जाड मार्कर उचलला. क्रांतीच्या फाइलच्या कव्हरवर गोळीचं नाव काढलं, बोटभर उंचीच्या अक्षरांत, टाकीवर काढायचा तसं. खाली लिहिलं, 'देऊ नये. आईने सांगितलं होतं.'

"काका, कव्हरवर लिहायचं नसतं," काउंटरवरची बाई म्हणाली. "पुढच्या वेळी नवीन फाइल करावी लागेल."

"करा," सिताराम म्हणाला. "मार्कर मात्र इथेच ठेवा."