ऱ्हस्व चि

महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे इंदिराबाईंचा बर्गरचा दिवस. सकाळीच त्या सांगून टाकायच्या, "आज रात्रीचं काही करत नाही मी," आणि पाचच्या ठोक्याला इस्त्रीची सुती साडी नेसून दाराशी उभ्या राहायच्या. मग लेकीने, वल्लरीने, स्कूटर काढायची आणि इंदिरानगरहून कॉलेज रोड गाठायचा. सात वर्षं हा नेम चालू होता. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर. जिथे म्हणून कॉलेजची मुलं घोळक्याने उभी असत, तिथे पदराने चष्मा पुसत या बाई हजर.

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये इंदिराबाईंनी तेहतीस वर्षं छापून आलेले कागद तपासले होते. रेघ सरकली, शाई फुटली, आकडा अर्धवट उठला, की त्यांचं बोट तिथे थांबायचं आणि कागद बाजूला पडायचा. घरीही रवा, तांदूळ, लग्नपत्रिका आणि भाच्यांना सांगून आलेली स्थळं, सगळं त्या तसंच तपासत. बर्गर त्याला अपवाद कसा असेल? आधी वरचा पाव उचलायचा. पॅटिसच्या कडेवर बोट टेकवायचं. कोबीचं पान उजेडाकडे धरून पाहायचं. मग एकच घास, तोंड मिटून, सावकाश. आणि निकाल एका शब्दात.

"बाद."

मटारचा बाद. मक्याचा बाद. राजम्याचा पिठूळ, म्हणून बाद. पनीरचा तर चावायच्या आधीच बाद, कारण "भाजी पावात कशाला कोंबायची?" आणि उठताना काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, "सोयाबीनचं पॅटिस ठेवता का हो?"

हा प्रश्न आला की वल्लरी पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधायला लागायची. किल्ली बहुतेक वेळा तिच्या हातातच असायची.

त्या शनिवारी दोघी एका कॉलेजसमोरच्या नव्या दुकानात गेल्या. भाग्यश्री नावाची हसतमुख बाई ते चालवत होती. मागच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं: व्हेज, चिज, डबल चिज.

"हे कोणी लिहिलं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"मीच, काकू. छान आहे ना अक्षर?"

"अक्षर छान आहे. पण चीजची ची दीर्घ असते."

भाग्यश्री हसली. "मराठीच्या बाई का तुम्ही?"

"नाही गं, प्रेसमधली. ऱ्हस्व काढलीस की माणूस भलतंच समजून खातो."

"आता चीजला भलतं काय समजणार, काकू?"

"तेच तर," इंदिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी वल्लरीकडे पाहिलं.

पाहिलं, की नुसती मान वळवली? वल्लरीने सॉसची बाटली हातात घेऊन तिच्यावरचा मजकूर वाचायला सुरुवात केली. अशा नजरा ती चौदा वर्षं मोजून-मापून बघत आली होती. दर वेळी वाटायचं, आईला कळलंय. दर वेळी आई पुढे पाणी मागायची किंवा पंखा वाढवायला सांगायची आणि संशय पुन्हा जागच्या जागी बसायचा.

चौदा वर्षांपूर्वी वल्लरी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईचे वडील पंचवटीत यजमानकृत्य करणारे भिक्षुक. पुड्यावरचं अक्षर न अक्षर वाचल्याशिवाय आई बिस्किटसुद्धा घरात आणत नसे. अशा घरातली वल्लरी मैत्रिणींबरोबर बाहेर चिकन खायला लागली होती. त्या दिवशी तिने कॉलेज रोडच्या एका गाड्यावरून दोन बर्गर आणले, आईला व्हेज आणि स्वतःला चिकन. स्वतःचा खोलीत नेऊन खायचा, असा बेत. गाडेवाल्याने स्केचपेनने एका कागदावर 'व्हे' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'चि'. पिशवी टेबलावर ठेवून ती तोंड धुवायला गेली. बाहेर आली तेव्हा आई शेवटचा घास चघळत होती आणि 'व्हे' तसाच गुंडाळलेला होता.

"चि म्हणजे चीज ना? तुला सर्दी झालीये, म्हणून मीच घेतला," आई म्हणाली. "चीज काही दिसलं नाही त्यात. पण पॅटिस काय आहे गं! सोयाबीनचं का?"

आईच्या तोंडावर एवढा भाबडा आनंद तिने क्वचित पाहिला होता. ती "हो" म्हणाली. एका अक्षराचं खोटं. त्यानंतर तिने मांसाला हात लावला नाही. पण त्याने काही फिटलं असं तिला कधी वाटलं नाही. पुढे ती एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, पुष्कळ वाचलं. कादंबऱ्यांतली कबुली देणारी माणसं तिला नेहमी जरा दिखाऊच वाटायची.

"त्या दिवसासारखा पुन्हा नाहीच मिळाला बघ," भाग्यश्रीच्या दुकानात आई म्हणाली. पुढ्यातला बर्गर एका घासानंतर बाद झाला होता.

"आई, विसर की आता."

"तू विसरलीस?"

"चौदा वर्षं झाली गं."

"तुला सर्दी होती. नाक लाल झालं होतं. मी बाहेरचा कागदसुद्धा नीट वाचला होता." आईने पदराने चष्मा पुसला. "मी वाचलेलं चुकत नाही सहसा."

वल्लरी म्हणाली, "खा, गार होतोय."

आईने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि उरलेला बर्गर खरंच पूर्ण खाल्ला. बाद झालेला बर्गर ती कधी संपवत नसे. येताना स्कूटरवर तिने वल्लरीच्या खांद्यावर हात ठेवला होता, तोही रोजच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता इंदिराबाई खाली कोसळल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. टॉवेलचं एक टोक दोरीवर चिमट्यात होतं, दुसरं त्यांच्या मुठीत.

नवव्या दिवशी मोहिनीमावशी आणि तिचा मुलगा गौरांग स्वयंपाकघरात दहाव्याची तयारी करत होते. क्रियाकर्म गौरांगच करणार होता. घाटावर पिंडाशेजारी ठेवायला इंदूच्या आवडीचं काय करायचं, असं मावशीने विचारलं.

"पुरणपोळी?"

"इंदूमावशीला पुरण कुठे आवडायचं?" गौरांग म्हणाला. "वाटलेल्या पुरणातही खडा शोधायची ती. बर्गर ठेवा."

"घाटावर बर्गर? गुरुजी काय म्हणतील मेल्या?"

"त्यांनाही एक आणू."

मावशी हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "बर्गरच आण गं वल्लू. तिचं त्या बर्गरशी काहीतरी होतं."

वल्लरीने विचारलं, "काहीतरी म्हणजे?"

"मला काय माहीत? या वयात हे काय खूळ, म्हणून एकदा विचारलं मी. तर म्हणाली, मोहिनी, मी खायला जात नाही, तिच्यासमोर बसायला जाते."

म्हणजे काय? मावशीला माहीत होतं, की मावशी फक्त निरोप्यासारखं बोलत होती? वल्लरीने तिचा चेहरा निरखून पाहिला. मावशी कोथिंबीर निवडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर कोथिंबिरीपलीकडे काही दिसेना.

वल्लरी स्कूटर घेऊन निघाली. आईने त्यातल्या त्यात कमी नाक मुरडून बाद केलेले चार व्हेज बर्गर तिने चार ठिकाणी घेतले आणि उभ्याउभ्याच चाखले. वरचा पाव उचलून, कडेला बोट लावून. गंगापूर रोडचा मऊ होता, पण नुसता बटाटा. पुढच्याला तळणीचा वास. कॅनडा कॉर्नरच्या बर्गरमध्ये पॅटिसपेक्षा मेयोनीजच जास्त. भाग्यश्रीचा त्यातल्या त्यात बरा, तिने ओळखून विचारलंही, "काकू नाही आल्या?" वल्लरी नुसतं "नाही" म्हणाली. पैसे देताना तिची नजर फळ्यावर गेली. ची दीर्घ झाली होती.

आईच्या पानावर यांतला एकही ठेवावासा वाटेना. शेवटी ती त्या कोपऱ्यावर आली, जिथे तिने आईला कधीच नेलं नव्हतं. तो गाडा उठला, गाडेवाला लासलगावला परत गेला, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं आणि दर पहिल्या शनिवारी दोन गल्ल्यांचा वळसा घेतला होता. गाडा खरोखरच नव्हता. त्याच्या जागी शटरचं छोटं दुकान होतं. तव्यामागे मात्र तोच गाडेवाला, हिरामण, होता, कानांवरचे केस तेवढे पांढरे झालेले.

तिने एक व्हेज मागितला. त्याने गुंडाळला, स्केचपेन उचललं आणि कागदावर 'व्हे' लिहिलं. शेजारी दोन पुड्या आधीच बांधून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर 'चि'. तीच, ऱ्हस्व. वल्लरी तिकडेच बघत राहिली.

"तुम्हीबी अक्षरच बघता का ताई?" हिरामण हसला. "एक काकू आल्या होत्या, त्यांनी तर माझी शिकवणीच घेतली."

"कोण काकू?"

"नाव नाय माहीत. प्रेसमधल्या. जाड चष्मा. मी गाड्यावर होतो तव्हा. जाता जाता थांबल्या आन् पुडी उचलली. म्हणल्या, ही चि कशाची? म्हणलं, चिकन. म्हणल्या, मग चीजला काय लिहिता? म्हणलं, चीज मी ठेवतच नाय. मग म्हणल्या, सोयाबीन? आता सोयाबीन आपल्याकडं कधी नव्हतंच, ताई."

"मग?"

"मग काय नाय. रागावल्या-बिगावल्या नाय. स्टुलावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं. म्हणलं, घरी फोन लावू का? तर म्हणल्या, नको, मुलगी लायब्ररीत असेल, तिला उगाच घोर. जाताना सांगून गेल्या, कधी चीज ठेवलंस तर दीर्घ लिही."

"किती वर्षं झाली याला?"

"हा गाळा घेतला त्याच्या आधलं साल." त्याने बोटांवर मोजलं. "सात."

सात वर्षांपूर्वी आई नुकतीच निवृत्त झाली होती. त्या उन्हाळ्यात एकदा तिने तीन दिवस नुसत्या दुधावर काढले होते. वल्लरीने विचारलं तर "पोट साफ करते आहे" म्हणाली. आणि त्यानंतरच्या शनिवारी साडी नेसून दाराशी आली होती. "चल, बर्गर खाऊ. तो सोयाबीनचा कुठे मिळतो का बघू."

वल्लरी त्याच स्टुलावर बसली. सोयाबीन नव्हतंच, हे माहीत असलेल्या बाईने सात वर्षं प्रत्येक काउंटरवर सोयाबीन मागितलं होतं. तो प्रश्न काउंटरला नव्हता. आणि मग दर वेळी ती 'बाद' म्हणायची, ते तरी कशाला उद्देशून?

"पाणी देऊ का ताई?" हिरामणने विचारलं.

सकाळी गोदाघाटावर गर्दी होती. वेणीमाधव गुरुजींनी पिंड मांडले. वल्लरीने शेजारी पत्रावळीवर कागदासकट बर्गर ठेवला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शाकाहारीच आहे ना?"

"हो," वल्लरी म्हणाली. हे 'हो' खरं होतं, तरी तिचे कान तापले.

सगळे मागे सरले. तारेवर तीन कावळे बसले होते. त्यांतला एक खाली उतरला, पिंडाभोवती मानेने हिसके देत फिरला, बर्गरकडे एका डोळ्याने पाहिलं आणि परत तारेवर जाऊन बसला.

"इंदूमावशी, बाल्कनीतली झाडं मी नेतो. रोज पाणी घालेन," गौरांग हात जोडून म्हणाला.

कावळा हलला नाही.

"आठवड्यातून एकदा घालतोस ते तिला माहितीये," मावशी पुटपुटली आणि पुढे झाली. "इंदू, पोरीची काळजी करू नकोस. मी आहे."

कावळ्याने पंख साफ केले. शेजारच्या कलाबाईंनी देवघरातल्या दिव्याचं आश्वासन दिलं. अर्धा तास गेला. पलीकडच्या दोन कुटुंबांचं उरकलं, तिकडे कावळ्यांची झुंबड उडाली होती. इथे तारेवरचे तिघे शहाण्यासारखे बसून होते, काहीतरी तपासत असल्यासारखे.

"आणखी कोणाचं बोलायचं राहिलंय का?" गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवतो. चालतं तेही."

"वल्लू, तू बोल गं," मावशी म्हणाली.

वल्लरी पुढे झाली. "आई, मी नीट राहीन," ती हळूच म्हणाली.

"मोठ्याने बोला," गुरुजी म्हणाले. "मनातलं तोंडाने बोलायचं असतं इथे."

कागदाचा कोपरा वाऱ्याने उलटला आणि त्यावरचं 'व्हे' दिसलं. आई समोर बसली असती तर तिने ते आधी वाचलं असतं. मागे मावशी होती, गौरांग होता, कलाबाई होत्या, आजोबांना ओळखणारे गुरुजी होते. सात वर्षं समोर फक्त एक माणूस असायचं, आणि मध्ये एक टेबल.

"आई," वल्लरी म्हणाली आणि या वेळी तिचा आवाज पार पायऱ्यांपर्यंत गेला. "ते सोयाबीनचं नव्हतं. चिकन होतं. माझा बर्गर होता तो. मी तोंड पुसत बाहेर आले ना, तेव्हाच मला कळलं होतं. आणि तरी मी हो म्हटलं."