गप्प बसायची सभा

केंटकीतून पळालेली कझाया ओहायोतल्या गुलामगिरीविरोधी क्वेकर पंथाच्या प्रार्थनासभेत, बायकांच्या बाजूला, खोलगट टोपीत तोंड लपवून बसली होती. क्वेकरांची प्रार्थना म्हणजे नुसतं गप्प बसणं. म्हाताऱ्या जेथ्रोने शेजाऱ्याशी हात मिळवला, की ती संपली.

तेवढ्यात टॉलिव्हर घुसला. पळालेले गुलाम पकडणं हा त्याचा धंदा, आणि आता कायदाही त्याच्याच बाजूने.

"बाहेर पडताना एकेकीची टोपी काढून बघणार!"

कुणी हूं की चूं केलं नाही.

"अरे, तुमच्या अशा वागण्यानेच उत्तर-दक्षिणेत लढाई पेटेल एक दिवस!"

पुन्हा शांतता. तो वैतागून दाराशी बसला. जेथ्रोचा हात काही हलेना. दुपार कलली, टॉलिव्हरची मानही कलली आणि तो चक्क घोरायला लागला. कझायाला हसू आवरेना, तशी शेजारच्या म्हातारीने तिला कोपर मारलं.

मग जेथ्रोने हात मिळवला. सगळे जण आपापले बूट हातात घेऊन टॉलिव्हरचे पाय ओलांडून बाहेर पडले.

कॅनडाच्या बोटीकडे निघालेल्या गाडीत चढताना कझायाने जेथ्रोला विचारलं, "तो उठला की काय सांगाल, बाबा?"

"खरं तेच. सभा छान झाली लेका, फक्त तू घोरत होतास."